अकरा नावांचं एकच रक्त

दस्तगीर,

तुला मातीत ठेवून आज पाच दिवस झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आमची आई सांगायची. तिला तुझ्यासारखा मित्र नव्हता. मी रागावलोय. चहा पिताना रागावलेला असतो, सायकल मारताना रागावलेला असतो. काल मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर एका परगावच्या माणसावर खेकसलो, तो बिचारा नुसती वाट विचारत होता. "पावणं, एवढं काय झालं?" म्हणाला. काय झालं ते त्याला कुठं सांगत बसू.

माझ्यापुढं हिवतापाचं रजिस्टर उघडं आहे. मलकापूरच्या वरचा धनगरवाडा, अकरा ओळी, अकरा माणसांची नावं. प्रत्येक नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय की रक्तात हिवतापाचे जंतू सापडले. त्या अकरा माणसांपैकी एकाचंही रक्त मी पाहिलेलं नाही. अकराही काचांवर रक्त तुझं होतं. साहेब म्हणतात, आहे तसंच राहू दे. मी तसं राहू देणार नाही, आणि का नाही ते आधी तुला ऐकवणार आहे. जिवंतपणी तू माझं कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस. मधेच हसायचास.

आपण दोघं एकाच आठवड्यात ह्या खात्यात लागलो. मला बसायचं काम मिळालं, तुला चालायचं. खांद्याला पिशवी लावून तू गावोगाव फिरायचास. दर पंधरवड्याला तेच घर आणि तेच प्रश्न. कुणाला ताप आहे का, येऊन गेला का, बाहेरगावाहून कोण आलंय का. ज्याला ताप असेल त्याचं बोट टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, चार गोळ्या तिथंच तोंडात घालायच्या आणि दाराआडच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. आठवड्याअखेर त्या काचा माझ्याकडं यायच्या. मी त्या रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचो. जंतू दिसले की नाव रजिस्टरला चढायचं आणि मग त्या माणसाला कार्यालयातून पुरा डोस जायचा. पहिल्या चार गोळ्यांनी ताप दबतो, जंतू मरतीलच असं नाही. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तुला तो पहिला जंतू आठवतो? मेंदूवर जाणाऱ्या हिवतापाचा जंतू रक्तात जुना झाला की चंद्रकोरीसारखा दिसतो. मी तुला दाखवला तेव्हा तू एक डोळा मिटून, दुसरा मायक्रोस्कोपला चिकटवून कितीतरी वेळ वाकून उभा होतास. मग म्हणालास, "आयला बसाप्पा, ह्यो तर ईदचा चाँद की रं!" तेव्हापासून दर शनिवारी काचांचं पुडकं घेऊन आलास की दारातनंच ओरडायचास, "काय दुर्बीणवाले, चाँद दिसला का?" आणि मी म्हणायचो, "न्हाय." वर्षानुवर्षं मी 'न्हाय' म्हणत होतो. ते आपल्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे आता कळतं.

मग भाषणं झाली. हिवताप गेला म्हणे. माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवरचा माणूस दुसऱ्या खात्यात हलवला, फवारणीचे पंप गोदामात गेले. डासांनी मात्र ते भाषण ऐकलेलं नव्हतं. गावांचंही काय सांगावं! फवारणी झाली की आठ दिवसांत सण आला म्हणून बायका भिंती सारवून घ्यायच्या. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो, म्हणून भिंतीवर औषध मारायचं. तर औषध मातीखाली आणि डास मातीवर! तू समजावून समजावून थकलास आणि ताप हळूहळू परत आला. मी साहेबांना म्हटलं, एका माणसाला एवढ्या काचा झेपत नाहीत. साहेब म्हणाले, "बघू." त्यांचं ते 'बघू' अजून चाललंय.

तू समजावायचास मात्र झकास. एकदा मी तुझ्याबरोबर त्या धनगरवाड्यावर आलो होतो. मलकापूरला एस.टी.तनं उतरून पुढं डोंगर चढायचा, वर वीसेक छपरं, म्हशी, नाचणीची खाचरं आणि दोन्ही बाजूंनी वाहणारे ओढे. मला वाटलं, एवढ्या स्वच्छ जागी कुठला हिवताप. तू म्हणालास, हा डास गटारातला नव्हे, ह्याला ओढ्याचं निवळ पाणीच लागतं. बायका गोळा झाल्या आणि तू सुरू झालास.

"चावती ती मादी. नर बिचारा फुलातला रस पिऊन ऱ्हातो."

"आमच्यातला एक तरी नर तसा दावा की!" एक बाई म्हणाली आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"तापाच्या माणसाचं रगात ती पिती. तिच्या पोटात जंतू धा-बारा दिस पिकतो. मग दुसऱ्याला चावली की त्याच्या अंगात उतरतो. आधी कलिजात दडून बसतो, मग रगतात येतो. तिथं वाढतो आन सगळ्या पेशी एकदमच फुटत्यात. म्हणून हुडहुडी भरती, मग अंग भाजतं, मग घाम सुटून माणूस गळाठतो. दुसऱ्या दिशी वाटतं, झालं, गेला ताप. तिसऱ्या दिशी पुन्ना हाजीर!"

वाड्यातला सगळ्यांत म्हातारा बिरू आजा खांबाला टेकून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी डास देत न्हाय. माणूसच माणसाला देतोय की."

"व्हय आजा. डास नुसता पोस्टमन हाय."

"मग आमचा ताप तुला लागायचा न्हाय व्हय?"

"मला काय हुतंय," तू म्हणालास.

हे 'मला काय हुतंय' तुझ्या तोंडात कायम असायचं. ऐकताना तेव्हाही माझं डोकं फिरायचं.

आता त्या मंगळवारांकडं येतो. आषाढ लागला की त्या वाड्यावर देवीचे पाच मंगळवार पाळतात. त्या दिवशी औत नाही, जातं नाही, कोंबडं कापायचं नाही आणि कुणाच्या अंगातनं रक्ताचा थेंब काढायचा नाही. आणि तुझा त्या वाड्यावरचा फेरा मंगळवारी! पाचांतले दोन-तीन वार नेमके तुझ्या फेऱ्यात यायचे. ऐन पावसाळा, ओढे भरलेले, डासांची पैदास जोरात, घराघरांत कण्हणारी माणसं, आणि बोट टोचायला बंदी. तू दोनदा साहेबांकडं गेलास. एवढ्या एका वाड्याचा वार बदलून द्या म्हणालास. साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. फेऱ्यांचा तक्ता वरून मंजूर होऊन आलाय, मंगळवार म्हणजे मंगळवार. तक्ता तो, देवीपेक्षा कडक!

मग तू काय केलंस? कोऱ्या काचा आणल्या असत्यास तर तुला जाब विचारला असता. माणसं जबरदस्तीनं टोचली असतीस तर वाड्यानं पुन्हा दार उघडलं नसतं. तू आपलंच बोट टोचलंस आणि काचांवर त्यांची नावं घातलीस.

गेल्या वर्षी श्रावणात मी तुला पकडलं. पांढऱ्या पेशींत एक जात असते, तिच्यात लालबुंद दाणे भरलेले असतात. निरोगी माणसात ती क्वचित भेटते, दमेकऱ्यात भरपूर. पावसाळा आला की तुझी छाती वाजायची. नोकरीला लागल्यावर गंमत म्हणून तुझा एक थेंब आपण मायक्रोस्कोपखाली बघितला होता, तेव्हापासून तुझं रक्त मला तुझ्या चेहऱ्यासारखं ओळखीचं. आणि श्रावणात बघतो तर धनगरवाड्यावरच्या आठ जणांच्या आठ काचांत ते लाल दाणे!

कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर मी तुला धरलं. "आठ जणांस्नी एकदमच दमा लागला व्हय रे?"

तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, "त्यांचा वार हुता, बसाप्पा."

"आरं पण खोटी काच म्हंजी एक खरा ताप सुटला! त्यो माणूस जंतू घिऊन फिरणार, त्याला डास चावणार, त्यो डास आणखी धा जणांस्नी चावणार. तूच सांगतोस की समद्यांस्नी!"

"गोळ्या दिल्यात मी त्यास्नी. ताप उतरलाय. आन थेंब माझा हाय, कुणाचं काय गेलं?"

"कुणाचं काय गेलं? रजिस्टर खोटं झालं!"

"रजिस्टरला ताप येत न्हाय," तू म्हणालास आणि हसलास.

दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. साहेबांना सांगितलंही नाही, एवढी हिंमत मलाही झाली नाही. खंडेनवमीला आम्ही कार्यालयात हत्यारांची पूजा केली. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ घातली होती. तू आलास, त्या माळेवर हात ठेवलास आणि सगळ्यांदेखत हळूच म्हणालास, "ह्या दुर्बिणीची शपथ, पुन्ना माझं बोट टोचणार न्हाय." मी विरघळलो. माझं हे असंच आहे, राग डोंगराएवढा आणि मन मेणाचं. भांडण मात्र तिथंच अर्धवट राहिलं. रजिस्टर मोठं की माणूस, हे आपण कधी बसून ठरवलंच नाही.

ह्या वर्षी आषाढ लागला. तुला ताप यायला लागला होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तूही नाही. पिशवीतल्या चार गोळ्या घेतल्यास, ताप दबला आणि तू डोंगर चढलास. वर मंगळवार पाळलेला. तू झेंडूची माळ विसरलास, आणि पुन्हा तुझं बोट, पुन्हा त्यांची नावं.

त्या मंगळवारचं पुडकं मी नऊ दिवसांनी उघडलं, एका गुरुवारी. शनिवारपासून ते माझ्या टेबलावर पडून होतं, कारण त्याच्याआधी आलेली पुडकी होती आणि बघणारे डोळे दोनच होते. पहिली काच लावली. रक्तातल्या पेशींत बारीक अंगठ्यांसारखे जंतू, आणि मधूनमधून चंद्रकोरी. दुसरी काच, तेच. तिसरी, तेच.

खोटं कशाला बोलू, मी आधी तुलाच शोधलं. तुझ्या पिशवीतली काच लावली की मी आधी लाल दाण्यांची पेशी शोधायचो, तशी सवयच लागली होती. अकरा काचांत एकही सापडली नाही. मला एवढा आनंद झाला! दस्तगीरनं शपथ पाळली म्हणून. ऐन हिवतापात ती पेशी रक्तातनं नाहीशी होते, हे मी शिकलो होतो. शिकलो होतो आणि विसरलो. अकराही काचांत जंतूंची गर्दी सारखीच कशी, हेही खटकायला हवं होतं. तुझ्यावर विश्वास ठेवायची घाई झाली होती मला. पुडक्यात आणखी एक काच होती, ती तशीच ट्रेमध्ये सरकवली आणि साहेबांकडं धावलो. वाड्यावर साथ आहे म्हणून सांगितलं. जन्मात पहिल्यांदा साहेब 'बघू' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप जायची ठरली आणि मायक्रोस्कोपवरचा माणूस म्हणून मीही जायचं ठरलं.

त्याच दुपारी मी तुझ्या घरी आलो. तू तीन दिवस रजेवर होतास, बारीकसारीक ताप म्हणून. बाजेवर पडला होतास, डोळे पिवळे, ओठ फुटलेले. मी तुझ्याकडं नीट बघितलंच नाही रे. मला माझी बातमी सांगायची होती.

"दस्तगीर, तुझ्या वाड्यावरच्या अकराच्या अकरा काचा!"

तू उठायला बघितलंस. "चाँद दिसला?"

"अकरा काचांत!"

तू छताकडं बघितलंस. मग हसलास. ते हसणं मला तेव्हा कौतुकाचं वाटलं. मग म्हणालास, "पुडकं समदं बघितलंस?"

"ऱ्हायलेलं आल्यावर बघतो. अकरा काय कमी झाल्या?"

"लवकर बघ," एवढंच म्हणालास.

वाड्यावर गोळ्या कमी पडू नयेत म्हणून मी खुंटीवरची तुझी पिशवी काढली. गोळ्यांसकट. तू बघत होतास, दस्तगीर. ज्या रक्ताची मी बातमी आणली होती ते तुझ्या अंगात वाहत होतं आणि मी तुझ्यासमोरून तुझं औषध उचलून नेत होतो. तू म्हणालास, "ने, त्यास्नी लागतील." अडवलं का नाहीस? थोबाडीत का दिली नाहीस माझ्या? 'बसाप्पा, गाढवा, ते रगात माझं हाय' एवढे शब्द तोंडातनं काढायला किती ताकद लागते? मी चिडलो असतो, शिव्या घातल्या असत्या, कदाचित पुन्हा दोन महिने बोललो नसतो. पण तू बोलायला राहिला असतास ना!

शुक्रवारची रात्र मलकापुरात काढून शनिवारी सकाळी आम्ही वर पोचलो. माझ्या हातात अकरा नावांची यादी. पहिलं नाव वाचलं तर तो गडी औत हाकत होता. दुसरी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तिसरी म्हातारी दोन वर्षांपूर्वीच वारलेली. मी यादी हातात धरून उभा, आणि बिरू आजा माझ्याकडं दयेनं बघत होता.

"आजा, तुमचं रगात कवा काढलं?"

"आमचं कशाला काढंल? मंगळवार हुता." मग त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट वर केलं. "त्यानं सोताचं टोचलं की. दरसाल टोचतोय. आमचा वार कवा मोडू दिला न्हाय त्यानं. असा माणूस मिळायचा न्हाय, पावणं."

सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. मेल्या म्हातारीलासुद्धा ठाऊक असेल. ह्या वर्षीचं फक्त मला ठाऊक नव्हतं. तुझ्या घरी पडलेला तू, पिवळे डोळे, 'लवकर बघ', आणि माझ्या खांद्याला लटकलेली तुझी पिशवी, सगळं एकदम समजलं.

निघताना आजाला म्हटलं, "आज रगात दिता का?" तो म्हणाला, "घ्या की. शनवार हाय." इतकं सोपं होतं, दस्तगीर! ज्याच्यासाठी तू दोनदा साहेबांपुढं उभा राहिलास ते शनिवारी दोन मिनिटांत झालं. सगळ्या वाड्यानं हात पुढं केले. काचा घेऊन मी उतरणीला धावत सुटलो.

खाली आलो तर वाटेतल्या पुलावर पाणी. जीप उभी. पाऊस असा की पलीकडचा काठ दिसेना. शनिवारची दुपार गेली, रविवार गेला. ड्रायव्हर मला म्हणत होता, नदीवर का रागावताय. मी रागावलो होतो. सोमवारी पाणी उतरलं आणि आम्ही दुपारी कोल्हापुरात शिरलो. तुला त्या सकाळीच ठेवून आले होते. शनिवारी तुझी शुद्ध गेली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ओळखलं, सुया दिल्या, पण ताप तोवर मेंदूत पोचला होता. कबरस्तानात मी एकटा गेलो. सगळ्यांनी दिली तशी मूठभर माती मीही टाकली, पण ती भिजलेल्या ढिगाऱ्यावर. तुझ्या अंगावर नाही पडली. ह्याचाही राग आहे.

कार्यालयात जो तो म्हणत होता, दिव्याखाली अंधार. तापवाल्यालाच तापानं नेलं. मी एकाची तर कॉलरच धरली होती.

मंगळवारी मी वाड्यावरून आणलेल्या काचा बघितल्या. तिघांच्या रक्तात चंद्रकोरी होत्या. एक गडी कोकणात लाकूडतोडीला जाऊन आलेला, एक बाई आणि एक सहा वर्षांची पोर. खरा हिवताप तिथंच होता, निदान गेल्या पावसाळ्यापासून. आणि रजिस्टरमध्ये तो वाडा निरोगी होता, तुझ्या रक्ताच्या जोरावर. त्यांचा ताप तू तुझ्या चांगल्या रक्तामागं लपवलास. त्याच तापातला एक डास तुलाही चावला असणार, नाहीतर तो तुला कुठनं लागणार? 'कुणाचं काय गेलं' विचारत होतास ना? घे उत्तर.

आणि तरीही ऐक. तुझ्या त्या खोट्या अकरा काचांनीच आम्हाला वर नेलं. त्या नसत्या तर ती पोर पुढच्या पंधरवड्यापर्यंत टिकली नसती. बुधवारी तिला पुरा डोस गेला, आता नाचणीची भाकरी मागतेय म्हणे. एवढ्यासाठी तुझे आभार मानतो, पण रागातच मानतो. आणखी एक, वाड्याचा वार बदलला. साहेबांनी तक्त्यावर पेनानं मंगळवार खोडला आणि बुधवार लिहिला. एक रेघ, बस्स.

अकरा ओळींचं काय करायचं ते विचारलं तर साहेब दार लावून म्हणाले, "अहवाल वर गेलाय. आता खोडाखोड केली तर दस्तगीर खोटा ठरेल. मेलेल्या माणसाची अब्रू राहू दे." आणि अब्रू राहिली की वार न बदलल्याचा प्रश्नही कुणी विचारणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

मी भाभीकडं गेलो. वाटलं, तुझ्या अब्रूचा निकाल तिनं द्यावा. सगळं सांगितलं, माळेवरच्या शपथेपासून पिशवीपर्यंत. पिशवीचं सांगताना मला रडू फुटलं. भाभी रडली नाही. तिनं विचारलं, "रगात त्यांचं हाय न्हवं?"

"हाय."

"मग त्यांच्याच नावावर लिवा की, भावजी. दुसऱ्याच्या नावावर कशाला ठेवताय?"

मी उठलो. उंबऱ्याशी आलो तेव्हा तिनं विचारलं, "आन त्यांची काच बघितली का?"

"कुठली काच?"

"दिलीया म्हणाले मला. आता बसाप्पा बघंल, नाव चढंल, पुरा डोस यील म्हणाले. मी म्हटलं दवाखान्यात चला, तर म्हणाले, बसाप्पाला येऊ दे. रोज इचारायचे, बसाप्पा आला का."

मी तुझ्या घरापासून कार्यालयापर्यंत सायकल कशी आणली ते आठवत नाही. ट्रे तसाच होता. धनगरवाड्याच्या पुडक्यातली ती उरलेली काच तशीच, कागदात गुंडाळलेली. कागदावर तुझं ते गिचमिड अक्षर. दस्तगीर, मंगळवार पेठ, कोल्हापूर. ताप दहा दिवस. चार गोळ्या घेतल्या. त्याच मंगळवारी, त्याच बोटातनं, अकरा खोट्या काचांनंतर तू एक खरी काच केली होतीस आणि माझ्यावर सोपवली होतीस. खोटं कबूल करायला तुला जमलं नाही, पण मदत मागायची रीत तू मोडली नव्हतीस. बाजेवर पडून तू त्या एका काचेची वाट बघत होतास. मी अकरावर थांबलो.

आज शनिवार. तुझ्या यायचा दिवस. मघाशी लाल शाईनं अकरा नावांवर रेघ मारली आणि प्रत्येकापुढं लिहिलं, हे रक्त दस्तगीरचं. खाली सही केली, पूर्ण नावानिशी. सोमवारी साहेब काय करायचं ते करोत. मग तुझी काच रंगवली, वाळवली, मायक्रोस्कोपखाली लावली. मघापासून दाराकडं दोनदा मान वळली. तू काही विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो.

दिसला, दस्तगीर. बाराव्या काचेत, तुझ्या स्वतःच्या नावावर दिसला. बघायला मी उशीर केला.